उशिरा निघण्याची मुभा

अमेरिकन फुटबॉलमध्ये वेगवान डिफेन्सला हरवायची एक जुनी युक्ती आहे. त्याला मनसोक्त पळू द्यायचं, फक्त चुकीच्या दिशेला.

हा खेळ तुम्ही बघत नसाल तरी हरकत नाही. मुद्द्यापुरती माहिती थोडकी आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसं. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, म्हणजे साधारण नऊ मीटर. गेले तर पुन्हा चार प्रयत्न. समोरच्यांनी त्यांना अडवायचं. प्रत्येक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत संपतो, मग सगळे उठतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. डिफेन्सला समोरची चाल आधी माहीत नसते. बॉल हलला की दिसेल त्यावरून ठरवायचं आणि पळायचं. त्यामुळे इथे वेगाला प्रचंड किंमत आहे. दरवर्षी नव्या खेळाडूंची चाळीस यार्डांची शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि त्या आकड्यावर लोकांची नशिबं वरखाली होतात.

पण त्या शर्यतीत एक गोष्ट मोजलीच जात नाही. कुठे पळायचं ते तिथे आधीच ठरलेलं असतं. सरळ पुढे. कधी आणि कुणीकडे निघायचं, हा मैदानावरचा खरा प्रश्न घड्याळाच्या बाहेरच राहतो.

हा खेळ बघायला लागल्यापासून मी त्या प्रश्नाकडे खेळाचा प्रश्न म्हणून कमी आणि नीतीचा प्रश्न म्हणून जास्त बघतो. पटकन प्रतिक्रिया देणं हा गुण आहे का? की तो फक्त एक क्षमता आहे, जी गुण होते की दोष, हे दुसऱ्याच कशावर तरी ठरतं?

वेगाची मूठ

आधी युक्त्या बघू.

पहिली, स्क्रीन पास. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, मागे सरकत जातो. त्याला वाचवणारे धिप्पाड लोक थोडा वेळ अडवल्यासारखं करतात आणि मग मुद्दाम वाट सोडतात. डिफेन्सच्या धावपटूंना वाटतं, आज हा सापडला. ते सुसाट आत शिरतात. शेवटच्या क्षणी बॉल त्यांच्या डोक्यावरून अलगद बाजूच्या एका साथीदाराकडे जातो. तोवर ते धिप्पाड लोक त्याच्या पुढे जाऊन भिंत करून उभे असतात. आत शिरलेला खेळाडू जितका वेगवान, तितका तो आता बॉलपासून लांब.

दुसरी, प्ले-ॲक्शन. क्वार्टरबॅक जवळच्या धावपटूच्या पोटाशी बॉल नेतो, दिल्यासारखं करतो, आणि देत नाही. मधल्या फळीतले लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतात. फक्त दोनच. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे रिकामी जागा तयार होते आणि बॉल तिथे जाऊन पडतो.

तिसरी मला सगळ्यात क्रूर वाटते. तिचं नाव रीड ऑप्शन. यात कडेच्या एका रक्षकाला कुणीच अडवत नाही. त्याला मोकळा सोडतात आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघत राहतो. तो धावपटूवर झेपावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून पळतो. तो जागीच थांबला तर बॉल धावपटूकडे जातो. म्हणजे निर्णय त्या रक्षकाचा, फायदा समोरच्याचा. १२ जानेवारी २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन कॅपरनिकने ग्रीन बेविरुद्ध असा बॉल घेऊन पळत १८१ यार्ड काढले. एका सामन्यात क्वार्टरबॅकने पळून काढलेल्या यार्डांचा तो तेव्हा विक्रम ठरला. त्यातली एकच धाव ५६ यार्डांची होती. सॅन फ्रान्सिस्कोने सामना ४५-३१ असा जिंकला.

तिन्ही युक्त्यांत एक समान गोष्ट आहे. समोरचा तुमची कमजोरी शोधत नाही, ताकद शोधतो. मंद खेळाडूवर प्ले-ॲक्शन फारशी चालत नाही, कारण तो तसाही पुढे आलेला नसतो. प्रत्येक ताकदीला एक मूठ असते आणि ती दुसऱ्याच्या हातात देता येते. आपल्या कबड्डीतही चढाई करणारा पाय पुढे सोडून दाखवतो तो कोपऱ्यातल्या सगळ्यात चपळ खेळाडूला. चपळ खेळाडूच त्या पायावर झेप घेईल, हे त्याला माहीत असतं.

घाईचा नोकर

ॲरिस्टॉटलने त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात रागाबद्दल बोलताना एक उदाहरण दिलंय. राग हा घाईच्या नोकरासारखा आहे, असं तो म्हणतो. मालकाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तो धावत सुटतो आणि मग भलतंच करून येतो. किंवा कुत्र्यासारखा. दारावर थाप पडली की आलेला माणूस मित्र आहे की कोण, हे न बघताच भुंकतो.

या उदाहरणातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो नोकर कामचुकार नाही, बेइमान नाही. उलट तत्पर आहे. त्याने ऐकलेलंही आहे, फक्त अर्धं. ॲरिस्टॉटल म्हणूनच रागाच्या आहारी जाण्याला वासनेच्या आहारी जाण्याइतकं वाईट मानत नाही. राग निदान विवेकाचं काहीतरी ऐकतो, पण पूर्ण ऐकत नाही.

प्ले-ॲक्शनला फसून दोन पावलं पुढे येणारा लाइनबॅकर हाच तो नोकर. त्याची निष्ठा पूर्ण आहे, ऐकणं अर्धं आहे.

मग उपाय काय? मंद व्हायचं? आपल्याकडे मोठी माणसं हाच सल्ला देतात: शांत राहा, दोन दिवस जाऊ देत, घाई कसली. पण मैदानावर हा सल्ला टिकत नाही. जो थांबतो त्याच्या शेजारून धावपटू निघून जातो. संथपणाला विवेक समजणं ही आणखी एक फसवणूक आहे. कित्येक माणसं विचार करतायत म्हणून थांबलेली नसतात. त्यांना पोचायचंच नसतं.

वेग कशासाठी

वेगवान डिफेन्स खरंच कधी टिकतो, हे बघायला मला दोन संघ उपयोगी वाटतात.

पहिला, जिमी जॉन्सनचा डॅलस काउबॉइज. जॉन्सन १९८९मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आला. पहिल्या वर्षी संघ सोळापैकी पंधरा सामने हरला. डिफेन्सबद्दल त्याची एक ठाम समजूत होती: आकारापेक्षा वेग बघायचा. मागे खेळणाऱ्या चपळ सेफ्टीला पुढे आणून लाइनबॅकर करायचं, लाइनबॅकरला आणखी पुढे आणायचं. चार वर्षांच्या आत, जानेवारी १९९३मध्ये, हाच संघ सुपर बोल जिंकला. बफेलो बिल्सविरुद्ध ५२-१७.

दुसरा, २०१३च्या हंगामातला सिएटल सीहॉक्स. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी गुण त्यांच्याविरुद्ध झाले, सोळा सामन्यांत २३१. आणि २ फेब्रुवारी २०१४ला सुपर बोलमध्ये त्यांच्यासमोर होता डेन्व्हर ब्रॉन्कोज. त्यांनी त्याच हंगामात ६०६ गुणांचा विक्रम केला होता. सगळ्यात आक्रमक संघ विरुद्ध सगळ्यात बंदिस्त संघ. निकाल लागला ४३-८, सिएटलच्या बाजूने.

गंमत पुढे आहे. त्या सामन्यात डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगचे ३४ पास पूर्ण झाले. सुपर बोलमधला तो तेव्हाचा विक्रम. त्याच्या साथीदाराने, डिमेरियस थॉमसने, तेरा बॉल पकडले. तोही तेव्हाचा विक्रम. आकडे नुसते वाचले तर वाटेल, डेन्व्हरने धुलाई केली. मग आठच गुण कसे?

कारण सिएटलने छोटे पास होऊ दिले. बॉल समोर पकडला जाऊ दे, पण पकडणारा पुढे जाता कामा नये. थॉमसचे तेरा कॅच मिळून ११८ यार्ड भरले. प्रत्येक वेळी तीन-चार जण त्याच्यावर येऊन आदळायचे. मागे मैदानाच्या मध्यावर अर्ल थॉमस नावाचा सेफ्टी एकटा उभा असायचा, आणि त्याचं मोठं काम होतं तिथून लवकर न हलणं.

इथे मला उत्तराची सुरुवात सापडते. वेगाचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. एक, सगळ्यांच्या आधी निघण्यासाठी. दोन, सगळ्यांच्या नंतर निघूनही वेळेवर पोचण्यासाठी. मंद सेफ्टीला अंदाज बांधून आधीच सुटावं लागतं, कारण बॉल हवेत गेल्यावर त्याला पोचता येणार नसतं. अर्ल थॉमस बॉल हातातून सुटेपर्यंत वाट बघू शकतो. वेगाने त्याला घाईची सक्ती केलेली नाही, उलट घाईतून सोडवलंय.

वेग म्हणजे उशिरा निघण्याची मुभा. ज्याला ही मुभा कळली त्याच्या वेगाची मूठ समोरच्याच्या हाती लागत नाही.

आणि या वेगवान म्हणून गाजलेल्या डिफेन्समधला सगळ्यात प्रसिद्ध माणूस रिचर्ड शर्मन. कॉलेजात तो आधी बॉल पकडणारा होता, नंतर अडवणारा झाला. २०११च्या निवडीत त्याचा नंबर लागला १५४वा. घड्याळाच्या हिशेबात त्याच्या जागेवरच्या कित्येकांपेक्षा तो मागेच होता.

एक स्क्रीनशॉट

मैदानाबाहेरचं एक उदाहरण देतो. त्यातल्या मित्राला विचारून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपचे पैसे माझ्याकडे जमा व्हायचे. एका संध्याकाळी ग्रुपवर माझ्या चॅटचा स्क्रीनशॉट आला. त्यात मी लिहिलेलं होतं, ‘‘पैसे परत द्यायची गरज नाही. कुणाला कळणार नाही.’’ एवढंच. वरचं आणि खालचं कापलेलं.

वरचं असं होतं की त्या मित्राचे वडील दवाखान्यात होते, ट्रेकचे पैसे भरणं त्याला जमत नव्हतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. त्याचे अठराशे रुपये मी माझ्या खिशातून भरले होते. ‘कुणाला कळणार नाही’ हे मी त्याला दिलेलं आश्वासन होतं. स्क्रीनशॉट त्याच्या फोनवरून तिसऱ्याच कुणीतरी काढला होता.

अर्ध्या तासात ग्रुपवर माझा निकाल लागला. जुन्या ट्रेकचे हिशेब निघाले. ‘मला आधीपासूनच वाटत होतं’ असं चार जणांनी लिहिलं. आणि मला खुलासा करता येत नव्हता, कारण खुलासा म्हणजे त्या मित्राची अडचण त्रेचाळीस लोकांसमोर मांडणं. मी जागीच थांबलो तरी माझं नुकसान, हललो तर त्याचं.

ग्रुपमध्ये एक मैत्रीण होती. कुठल्याही विषयावर पहिला मेसेज तिचा असायचा. त्या संध्याकाळी तिने काहीच लिहिलं नाही. रात्री अकराला तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘जे सांगता येतंय ते सांग. जे सांगता येत नाही ते सांगू नकोस, मी विचारणार नाही.’’ मग तिने ग्रुपवर एकच ओळ टाकली: उद्या संध्याकाळी सगळ्यांनी भेटून वही बघू.

वही बघितली गेली. हिशेब बरोबर निघाला. बऱ्याच जणांनी आपले मेसेज पुसून टाकले. दोघांनी फोन केला, बाकीच्यांनी पुढच्या ट्रेकला नेहमीसारख्या गप्पा मारल्या. मित्राची गोष्ट झाकलेलीच राहिली.

ती मैत्रीण मंद नव्हती. तिची ओळख आणि बोलण्याची तडफ एवढी होती की रात्री अकराला तिने लिहिलेली एक ओळ संध्याकाळच्या शंभर मेसेजना भारी पडली. तिला उशिरा निघणं परवडत होतं, आणि ते परवडतं हे तिला माहीत होतं.

फसवणं आणि फसणं

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. मैदानावर फसवणारा खोटारडा नसतो. प्ले-ॲक्शन हा खेळाचा भाग आहे. दोन्ही संघांनी नियम मान्य केलेत, समोरचा हुलकावणी देणार हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिथे फसलेल्यालाच दोष देतात आणि तो योग्यच आहे. बाहेरच्या जगात असा करार झालेला नसतो. कापलेला स्क्रीनशॉट टाकणारा खेळत नसतो, खोटं बोलत असतो. मग फसलेल्यांना का बोल लावायचा?

मला वाटतं, इथे एक फरक निर्णायक आहे. मैदानावर चुकीच्या दिशेने पळणाऱ्याची किंमत तो आणि त्याचा संघ मोजतो. मोबाईलवर चुकीच्या दिशेने पळणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही. किंमत तिसराच मोजतो, ज्याच्यावर तो जाऊन आदळतो. म्हणजे जिथे घाईची शिक्षा स्वतःला होते तिथे माणसं वर्षानुवर्षं सराव करून पाय आवरायला शिकतात. जिथे ती दुसऱ्याला होते तिथे आपण पाय आवरायचं शिकायचा विचारही करत नाही. खोटं पसरवणाऱ्याचा दोष मोठा आहे, वादच नाही. पण त्याला लागणारी ताकद आपण पुरवतो. आपली तत्परता ही त्याची इंधनटाकी आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. कधीकधी लवकरच निघावं लागतं. कुणी बुडत असेल तर वाट बघणारा पुरेसा वेगवान आहे की नाही, याचा हिशेब करत बसायचा नसतो.

याचं उत्तर सिएटलच्याच पुढच्या सुपर बोलमध्ये आहे. १ फेब्रुवारी २०१५, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध. शेवटची वीसेक सेकंदं, सिएटल चार गुणांनी मागे, बॉल रेषेपासून एक यार्डावर. सिएटलने पास टाकला आणि माल्कम बटलर नावाच्या, निवडप्रक्रियेत कुणीही न घेतलेल्या नवख्या खेळाडूने झेपावून तो मधल्यामध्ये पकडला. सामना संपला, २८-२४. बटलर थांबला नाही. थांबला असता तर हरले असते. पण ती चाल सरावात त्याच्यासमोर झाली होती आणि तेव्हा त्याला अडवता आली नव्हती. त्याची वाट बघून झाली होती, काही दिवस आधी. समोरची रचना दिसताच त्याने ती ओळखली.

तात्काळ निर्णय चांगला असतो तेव्हा बहुतेकदा त्याचा विचार आधी कधीतरी झालेला असतो. पोहायला येणारा माणूस बुडणाऱ्याकडे धावतो ते योग्यच, कारण तो पोहायला शिकलाय. न शिकलेल्याची तीच उडी दोन जीव घेऊ शकते.

मागून धावणारे

एक बाजू अजून राहिली. वेगवान डिफेन्सचं खरं वैभव पहिल्या झेपेत दिसत नाही. ते दुसऱ्या, तिसऱ्या माणसात दिसतं. एकाचा टॅकल चुकतो, बॉल पुढे जातो, आणि चार जण चार कोपऱ्यांतून येऊन पोचतात. कुणीतरी चुकणारच, हे धरून चाललेला वेग. त्यात आधी चुकलेल्याला सावरणं असतं.

१९९३च्या ज्या सामन्याचा उल्लेख वर केला, त्यात शेवटी एक प्रसंग घडला. डॅलस ५२-१७ने पुढे. बफेलोच्या हातून बॉल सुटला, डॅलसच्या लिऑन लेटने उचलला आणि रेषेकडे धावला. समोर कुणी नाही. शेवटच्या काही यार्डांत त्याने वेग कमी केला, बॉल एका हातात बाजूला धरला. मागून बफेलोचा डॉन बीबी पळत आला आणि त्याने रेषेच्या अगदी जवळ बॉल हातातून उडवला. लेटचे गुण गेले.

बफेलो तरीही ३५ गुणांनीच हरला. बीबीच्या धावेने निकालात काहीही बदललं नाही. ती अडवण्याचं त्याचं रोजचं कामही नव्हतं, तो बॉल पकडणारा खेळाडू होता. तरी तीस वर्षांनंतर त्या सामन्यातली लोकांना आठवणारी गोष्ट तीच आहे. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याला आधी पोचण्यासाठी केलेला वेग रोज दिसतो. दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या गोष्टीसाठी, फायदा नसताना, मागून केलेला वेग क्वचित दिसतो.

म्हणून माझं उत्तर असं: वेग हा स्वतःहून गुण नाही. तो शेवटपर्यंत ऐकून घेण्यासाठी आणि चुकलेल्याच्या मागे धावण्यासाठी वापरला की गुण होतो. पहिलं येण्यासाठी वापरला की तो कुणाच्या तरी हातातली मूठ होतो.

आणि वेग संपतोही. त्या २०१५च्या सामन्यात सिएटलचे मागच्या फळीतले तिघे मुख्य खेळाडू जखमी असूनच उतरले होते, चौथ्याचा हात सामन्यातच मोडला. शेवटच्या पंधरा मिनिटांत दहा गुणांची आघाडी छोट्या-छोट्या पासांनी झिजली. तुमच्याआमच्या बोटांचा वेगही असाच झिजेल. कधीतरी नवी माणसं आपल्यापेक्षा झटपट होतील. तोवर आज हातात असलेल्या वेगातून एखादी संध्याकाळ थांबायला आणि रात्री अकराला एक फोन करायला वापरता आली, तर तो वेग कारणी लागला असं मी म्हणेन.